गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात का? आणि सज्जाखालच्या आग्या मोहोळाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडची सात मजली सोसायटी. इमारतीमागे ६ फूट रुंदीची मातीची पट्टी, वर मोकळी गच्ची. दिवाळीनंतर सहाव्या मजल्याच्या सज्जाखाली मोठं पोळं लागलंय. काही सभासदांना ते पेस्ट कंट्रोलवाल्याकडून काढून हवंय, तर काहींना उलट गच्चीवर मधमाश्यांच्या चार पेट्या आणायच्या आहेत. शिवाय गच्चीवरच्या दोडक्याला फुलं भरपूर येतात, पण फळ धरत नाही.

पेट्या आणू नका आणि पोळ्याला हात लावू नका, हे आधीच सांगून टाकू. मुंबईत माश्या बाहेरून आणण्याची गरज नाही, त्या आहेतच. मुलुंडला तर राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर पाठीशी आहे. इथे त्यांना मारतात दोन गोष्टी: फवारणी, आणि जून ते सप्टेंबरमधला उपास. या दोन्हींवर सोसायटीच्या पातळीवर बरंच करता येतं, आणि त्याला पेट्यांपेक्षा कमी खर्च येतो.

आधी कोण कोण आहे ते ओळखायला शिका, कारण 'माशी दिसली की स्प्रे' या सवयीचं मूळ ओळख नसण्यात आहे. आग्या ही सगळ्यांत मोठी. उघड्यावर एकच पोळं बांधते आणि उंच इमारतीचे सज्जे व पाण्याच्या टाकीचा तळ तिला कड्यासारखे वाटतात. सातेरी भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, कधी मीटरच्या खोक्यात राहते. तिची पोळी एकाला एक समांतर, पाच-सात असतात. फुलोरी तळहाताएवढं एकच पोळं झुडपाच्या फांदीवर करते. ती सहसा डसत नाही, हात अगदी जवळ नेला तरच. चौथी डंख नसलेली, तांदळाच्या दाण्याहून लहान, काळसर माशी. जुन्या दगडी भिंतीतून डिंक-मेणाची करंगळीएवढी नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी बारीक माश्यांची ये-जा असली, तर ते तिचं दार. रंगकाम करणारे नेमकी तीच फट सिमेंटने बुजवतात आणि आत अख्खी वसाहत कोंडून मरते.

या चार जाती मिळून मुंबईच्या माश्यांचा एक भागच होतो. बाकीच्या एकेकट्या राहणाऱ्या आहेत: लाकूड पोखरणारा काळा भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी, गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे काढणारी पानकापी माशी. यांना राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या अंगावर येत नाहीत. गुलाबाला ती अर्धगोल छिद्रं दिसली की लोक कीटकनाशक शोधायला लागतात. रोपाला त्याने काही होत नाही. ते तुकडे पिल्लांच्या खोल्यांना अस्तर म्हणून गेलेले असतात.

आता पोळ्याचं. तुमचं वर्णन वाचता ते आग्या मोहोळ आहे. पाऊस सरल्यावर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे थवे शहरात येतात आणि बहुतेक पहिल्या पावसाच्या आधी निघून जातात. पोळं अर्धगोल, कधी मीटरभर रुंद, आणि त्यावर माश्यांचा जिवंत पडदा. दुपारी खालून दुर्बिणीने पाहिलंत तर त्या पडद्यावरून एक लाट सरकन पसरताना दिसेल. शेकडो माश्या क्षणभर पोट वर उचलतात आणि खाली ठेवतात. गांधीलमाशी जवळ आली की तिला हुसकवायची ती रीत आहे. ती लाट म्हणजे हल्ल्याची तयारी नव्हे. सभासदांना हे एकदा दाखवा, निम्मी भीती तिथेच जाते.

आग्या माशी पेटीत राहत नाही. म्हणून 'न मारता दुसरीकडे हलवतो' असं सांगणाऱ्या माणसाला नेमकं काय करणार ते विचारा. बहुतेक वेळा रात्री धूर किंवा पेटता पलिता लावून माश्या उठवतात, मधाचा भाग कापतात आणि अळ्यांचा भाग खाली टाकतात. पेस्ट कंट्रोलवाला सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखं औषध मारतो. त्यात काही हजार माश्या अंगणात तडफडत पडतात आणि उरलेल्या दोन दिवस बिथरलेल्या अवस्थेत त्याच जागी घोंगावतात. लोकांना डंख बसतात ते याच दोन दिवसांत. शिवाय सज्जाला मेणाचा वास राहिला की पुढच्या हंगामात थवा पुन्हा तिथेच येतो. म्हणजे पैसे देऊन प्रश्न एक वर्ष पुढे ढकलला, एवढंच.

ठेवायचं ठरलं तर माश्या जाईपर्यंत काही पथ्यं पाळावी लागतील. पोळ्याच्या आसपासच्या दोन-तीन फ्लॅटच्या खिडक्यांना डासांची जाळी लावून घ्या. त्या बाजूला ड्रिलिंग, एसीच्या बाहेरच्या युनिटची दुरुस्ती आणि काचा धुणं मेनंतर. पोळ्याखाली शेकोटी किंवा पालापाचोळा जाळणं नको, आणि नववर्षाच्या रात्री त्या बाजूला रॉकेट अजिबात नको. मुलांनी दगड किंवा चेंडू मारू नये हे वॉचमनला सांगून ठेवा. घारी आणि कावळ्यांना खाणं टाकायची कुणाला सवय असेल तर ती जागा दुसऱ्या टोकाला न्या, कारण पक्ष्याने पोळ्याला झडप घातली की माश्या खाली उतरतात.

दोन तक्रारी हमखास येतील. एक: रात्री घरात माश्या येतात आणि ट्यूबलाइटखाली मरून पडतात. आग्या माशी चांदण्या रात्रीही बाहेर पडते आणि उजेडाकडे ओढली जाते. पोळ्याकडे तोंड असलेल्या खोल्यांचे पडदे अंधार पडताच ओढा, बाल्कनीतला पांढरा दिवा बदलून पिवळसर आणि कमी वॅटचा लावा, शक्य तेव्हा बंदच ठेवा. फरशीवर पडलेली माशी मेल्यासारखी दिसली तरी तिचा डंख लागतो, म्हणून अनवाणी पाय आणि रांगणारं मूल दोन्ही सांभाळा. दुसरी तक्रार: गाड्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके. ही माश्यांची विष्ठा, त्यात परागाची टरफलं असतात. वाळायच्या आत साध्या पाण्याने जाते, वाळल्यावर घासावं लागतं. (१९८१ मध्ये अमेरिकेने आग्नेय आशियात 'पिवळा पाऊस' म्हणून रासायनिक अस्त्राचा आरोप केला होता. तो पाऊस मधमाश्यांच्या विष्ठेचा असल्याचं पुढे शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन, थॉमस सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पार्किंगच्या मीटिंगमध्ये सांगायला बरी गोष्ट आहे.)

माश्या उठल्याच तर थांबू नका. तोंड कपड्याने झाकून सरळ रेषेत पळा, बंद खोलीत शिरा आणि आतला दिवा घालवा. हात हलवून मारायला जाऊ नका. चिरडलेल्या माशीतून आणि रुतलेल्या डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावतो. डंख नखाने किंवा कार्डाच्या कडेने ताबडतोब खरवडून काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. श्वासाला त्रास, चेहरा किंवा ओठ सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर, किंवा दहा-वीसहून जास्त डंख, यातलं काहीही असेल तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल.

पोळं खरंच काढावं लागतं अशीही वेळ येते. जिन्याच्या खिडकीत हाताच्या अंतरावर, शाळेच्या दारावर, किंवा घरात कुणाला डंखाची जिवावर बेतणारी ॲलर्जी असेल तर. तिथे प्रशिक्षित मधपाळालाच बोलवा, फवारणीवाल्याला नाही. माश्या जून महिन्यात गेल्या की रिकामं मेण खरवडा, गरम पाणी आणि साबणाने सज्जा घासा, वर चुन्याचा हात द्या. रिकामं पोळं तसंच सोडलं तर मेणकिडा लागतो आणि जाळीदार कचरा खाली पडत राहतो.

इमारतीचं मोठं रिपेअरिंग काढलं असेल तर खरी अडचण तिथे आहे. बाहेरचं काम पावसाळ्यात होत नाही, म्हणजे परांची लागते ऑक्टोबर ते मे, नेमकी माश्या असण्याच्या काळात. यावर मार्ग दोन. परांची सप्टेंबरच्या शेवटी, थवे यायच्या आत उभी करायची, मग ते ती जागा सहसा निवडत नाहीत. किंवा पोळं आधीच लागलं असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे ३-४ मीटर शेवटी ठेवायचे आणि कंत्राटात तसं लिहून घ्यायचं. तोंडी सांगितलेलं मुकादमापर्यंत पोचत नाही.

आता पेट्या. गच्चीवरची पेटी फोटोत छान दिसते, पण मुंबईत ती चालवणं कठीण आहे. सातेरी पेटीत राहते, पण उपासमार झाली किंवा वारंवार उघडून त्रास दिला की सरळ पेटी सोडून जाते. वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या काळात फुलांतला मकरंद धुऊन जातो, माशीला बाहेर पडता येत नाही. मग साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्यावा लागतो, मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागतात, दर आठ-दहा दिवसांनी कुणीतरी पेटी उघडून राणीची अंडी, मेणकिडा आणि अळ्यांचे रोग तपासावे लागतात. मोठी इटालियन माशी आणली तर खाणं त्याहून जास्त लागतं. आणि चार पेट्यांतल्या हजारो माश्या आसपासच्या त्याच मोजक्या फुलांवर उतरतात, ज्यांवर फुलोरी आणि निळ्या पट्ट्यांची माशी जगतात. मदत करायला जाऊन आपण वाटेकरी वाढवतो. तरीही कुणाला मधपाळ व्हायचंच असेल तर आधी शिका. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय तर आपल्या विलेपार्ल्यातच आहे. एखादा हंगाम पाऊसकाळासकट दुसऱ्याच्या पेटीवर काम करा, मग ठरवा.

तेच पैसे आणि तीच मेहनत फुलांवर घाला. मुंबईच्या झाडांचं वेळापत्रक बघितलं तर गंमत लक्षात येते. डिसेंबरपासून आंबा, मग पांगारा आणि काटेसावर, मार्चपासून जांभूळ, करंज, कडुनिंब, एप्रिल-मेत सोनमोहर, बहावा, चिंच. उन्हाळ्यात शहर मधाने भरलेलं असतं, तेव्हा तुमच्या दोन कुंड्यांनी फरक पडत नाही. जूनमध्ये ताट एकदम उचललं जातं. नारळाचा पराग सोडला तर फारसं काही उरत नाही. म्हणून तुमची सगळी लागवड जून ते ऑक्टोबर फुलेल अशी हवी. नर्सरीतून डिसेंबरात पेटुनिया आणण्यात काही अर्थ नाही.

मागच्या पट्टीसाठी पहिली निवड निर्गुडी. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसात फुलत राहते, निळसर तुऱ्यांवर सकाळी सातेरी आणि भुंगा दोन्ही दिसतात. जूनच्या पहिल्या पावसात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब काड्या निम्म्या मातीत खोचा, तीन-तीन फुटांवर. दहातल्या सात लागतात. सोबत कढीपत्ता, लिंबू आणि एक शेवगा. शेवग्याची ३ फुटी फांदी लावा, पण दरवर्षी मेमध्ये ८-१० फुटांवर छाटा. लाकूड ठिसूळ असतं आणि वादळात नेमकं शेजारच्या गाडीवर पडतं. बाकी मोठ्या झाडाच्या फांदीला हात लावण्यापूर्वी पालिकेची परवानगी लागते, १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार, आपल्या कंपाउंडमधलं झाड असलं तरी. छाटणीआधी फांदीवर फुलोरीचं पोळं किंवा घरटं आहे का ते बघायला सांगा.

आफ्रिकन ट्युलिप, ज्याला मुलं पिचकारीचं झाड म्हणतात, ते नवीन लावू नका. त्याच्या फुलाच्या पेल्यात बारीक माश्या मरून पडलेल्या सापडतात.

पट्टीच्या उरलेल्या जागेत काही लावू नका, फक्त उपटणं थांबवा. पावसात आपोआप टाकळा, तेरडा, कुर्डू, लाजाळू आणि एकदांडी उगवते. एकदांडीचं ते पिवळ्या डोळ्याचं बारीक पांढुरकं फूल पेव्हर ब्लॉकच्या फटीतही बारा महिने येतं आणि बारीक माश्या व फुलपाखरांचा तो रोजचा चहा-बिस्किट आहे. माळ्याला महिन्याकाठी 'साफसफाई' दाखवायची असते, म्हणून तो हे सगळं खरडतो. त्याला नेमकं सांगा: वाटेच्या कडेचा एक फूट कापायचा, मागचे पाच फूट ऑक्टोबर संपेपर्यंत तसेच. दोरी बांधा आणि पाटी लावा. पाटी नसली की ते गवत दिसतं, पाटी असली की तीच बाग दिसते. सभासदांसाठी एवढं करावं लागतं.

गच्चीवर आणि बाल्कनीत एकाच जातीच्या चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवा. माशी एका फेरीत एकाच प्रकारच्या फुलांवर जाते, दहा जातींची एकेक कुंडी तिला परवडत नाही. बारीक माश्यांचा पल्ला काहीशे मीटरच असतो, म्हणून शेजारच्या सोसायटीनेही लावलं तर जास्त उपयोग. सगळ्यांत सोपी तुळस. आपण मंजिऱ्या खुडतो म्हणजे रोप डेरेदार होतं, आणि माशीचं जेवण जातं. दोन तुळशी ठेवा: एकीच्या मंजिऱ्या खुडा, दुसरीच्या फुलू द्या, महिन्याने उलट करा. सब्जा त्याहून जास्त फुलतो. कुंड्यांत तीळ टाका, पेरल्यापासून साधारण ४० दिवसांत फुलतो, पण मुळाशी पाणी साचलं की आठवड्यात बसतो. म्हणून कुंडी छपराच्या आडोशाला, आणि तिच्याखाली विटा. ऑफिस टाइम लावा, एकेरी पाकळ्यांचाच. दुहेरी झेंडू, दुहेरी जास्वंद, दुहेरी ऑफिस टाइम यांत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, परागही नाही, वाटही नाही. गुलाबी अँटिगोननचा वेल, नर्सरीवाले त्याला आइसक्रीम वेल म्हणतात, ऑगस्टपासून माश्यांनी भरून जातो. पण त्याचे कंद पसरतात, आणि तुमच्या मागेच जंगल आहे, म्हणून तो मोठ्या टबातच, जमिनीत कधीच नाही.

मिश्रण साधं: लाल माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. १५ इंची ग्रो बॅग भिजली की ४०-४५ किलो होते. म्हणून त्या बीमच्या रेषेवर, कठड्यालगत ठेवा, स्लॅबच्या मधोमध रांग लावू नका, आणि खाली विटा घालून पाणी वाहतं ठेवा. वॉटरप्रूफिंगची तक्रार आली की बाग पहिली जाते.

कढीपत्ता आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे, नंतर हिरवे होणारे सुरवंट येतील. ती लिंबाची आणि मॉर्मन फुलपाखरं. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, २०१५ पासून राज्याचं फुलपाखरू आहे आणि तेही लिंबाच्या पानावरच वाढतं. फोडणीसाठी एक कढीपत्ता, त्यांच्यासाठी एक, असा हिशोब ठेवला की भांडण मिटतं.

राहायला जागा. बांबूची नळकांडी १२ ते १५ सेंटिमीटर लांब कापा, मागचं टोक पेराने बंद, आतली पोकळी ३ ते १० मिलिमीटर, तोंड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत. कुसळं राहिली तर पंख फाटतात. वीस-पंचवीसचा जुडगा घट्ट बांधून छाती-डोक्याच्या उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून, पावसाच्या झडीपासून आडोशाला पक्का ठोका. लोंबकळता नको. आपल्या दमट हवेत प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि काचेच्या नळ्या आतून घामेजतात आणि बुरशी पिल्लांना खाते. बांबूसुद्धा दोन वर्षांनी बदला. निळ्या पट्ट्यांच्या माशीला माती लागते. लाल मातीत थोडी वाळू घालून मळा, जुन्या चौकोनी पाइपाच्या तुकड्यात ठासा, ओलं असताना पेन्सिलीने ८ मिलिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल भोकं पाडा, वाळल्यावर सज्जाखाली आडवं ठेवा. तिचे नर संध्याकाळी वाळक्या काडीवर ओळीने बसतात, म्हणजे जबड्याने काडी घट्ट धरून, पाय सैल सोडून, तसेच झोपतात. वाळक्या काड्या म्हणूनच सगळ्या छाटू नका.

पाण्यासाठी मातीचं परळ, त्यात खडी, पाणी इतकंच की खडीचे माथे कोरडे राहतील. माशी पोहत नाही, तिला काठ लागतो. रोज सकाळी पाणी ओतून, परळ घासून पुन्हा भरा. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात आणि पालिकेची नोटीस येते, त्यात माशीचा बचाव चालत नाही. जागा बदलू नका, एकदा ओळखीची झाली की त्या तिथेच येतात. साखरपाणी किंवा उरलेला मध कधीच ठेवू नका, त्याने रोग एका वसाहतीतून दुसरीत जातात. गल्लीतल्या मिठाईवाल्याला पाकाच्या परातीवर जाळीचं झाकण ठेवायला सांगा, आणि चहाच्या टपरीवाल्याला उष्टे कागदी कप उघड्या डब्यात न टाकायला. दोन्हीकडे रोज माश्या बुडतात.

फवारणीचं एवढंच. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि २ मिलि लिक्विड सोप, सूर्यास्तानंतर, फुलं वगळून. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळातून वर चढून मकरंदात उतरतं, म्हणून फुलणाऱ्या रोपाला ते कधीच नाही. नर्सरीतून आणलेल्या रोपावर आधीच काय मारलंय ते कळत नाही, तेव्हा पहिला बहर खुडून टाकलेला बरा. धुराची गाडी आली की तिला गटारं आणि तळघराकडे वळवा, झाडांवर धूर सोडायला लावू नका. डासांच्या अळ्या टाकीत आणि ड्रममध्ये असतात, निर्गुडीवर नाहीत.

राहिला दोडका. त्याचं फूल संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला उमलतं, तेव्हा मधमाश्या घरी परतत असतात. त्याची कामं रात्रीचे पतंग करतात. दुधीचंही तसंच. काकडी, कारलं, भोपळा मात्र सकाळचे. पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नरफुलंच येतात, तेव्हा काळजी नको. मादीफुलामागे इवलासा दोडका असतो. तो दोन-तीन सेंटिमीटरवर पिवळा पडून गळला तर परागीभवन झालं नाही. वाढून मग सडला आणि आत अळ्या दिसल्या तर ती फळमाशी, तिला क्यू ल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा. हाताने परागीभवन करायचं तर संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान नरफूल तोडून पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादीच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. एक नर दोन-तीन मादीफुलांना पुरतो. आणि गच्चीवरचा तो मोठा हॅलोजन त्या वेळात बंद ठेवून बघा. पतंग दिव्याभोवतीच फिरत राहिले तर दोडक्याकडे येणार कोण?